पडद्यावरचें गांव आणि दगडाखालची पेटी

‘लेटरबॉक्सिंग’ हा शब्द आमच्या कानांवर प्रथम पडला तो आमच्या नातवाच्या तोंडून, आणि त्याचा अर्थ आम्हीं साफ चुकीचा केला. आमच्या कन्येचें बिऱ्हाड गेलीं कित्येक वर्षें इंग्लंडच्या दक्षिणेकडील डेव्हन परगण्यांत आहे. नातू तेथेंच वाढला. २०२२ च्या उन्हाळ्यांत आम्ही प्रथमच तिकडे गेलों, तेव्हां तो बारा वर्षांचा होता. दुसऱ्याच दिवशीं सकाळीं त्यानें विचारलें, “आजोबा, उद्यां लेटरबॉक्सिंगला येणार ना?” आम्हीं उत्तर दिलें कीं, बाबा रे, तें आम्हीं चिखलीस घरीं बसल्या बसल्या पुष्कळ केलें आहे!

आमचा हा गैरसमज अगदींच निराधार नव्हता. ज्यांच्या घरीं जुना पेटीवजा दूरदर्शन-संच होता त्यांना आठवत असेल कीं, कांहीं चित्रपट लागले म्हणजे पडद्याच्या वर आणि खालीं काळ्या पट्ट्या येत. आमच्या घरीं हा नेहमींचा तंट्याचा विषय. नातवाची आजी म्हणे, संचाचे पैसे पुरे मोजले आणि चित्र अर्धें कां? त्याचें कारण असें. जुन्या बोलपटांची चौकट रुंदीला सुमारें चार व उंचीला तीन या प्रमाणाची असे, आणि दूरदर्शनचा पडदाही जवळजवळ त्याच मापाचा. म्हणून प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) त्यांत नीट बसतो. पुढें घरोघर आलेल्या या संचांशीं टक्कर देण्याकरितां अमेरिकेंतील चित्रपटवाल्यांनीं १९५३ सालीं ‘द रोब’पासून सिनेमास्कोपचा रुंद पडदा आणला, आपल्याकडे गुरुदत्त यांनीं १९५९ सालीं ‘कागज के फूल’ त्याच पद्धतीनें काढला. एवढें लांबरुंद चित्र चौकोनी संचांत बसवावयाचें तर मार्ग दोन. एक तर दोन्ही कडा छाटावयाच्या, मग बोलणाऱ्या दोघांपैकीं एकाचें नाक आणि दुसऱ्याचा कान तेवढा दिसतो. नाहीं तर सबंध चित्र लहान करून वरखालीं काळें सोडावयाचें. उरलेली आकृति टपालपेटीच्या फटीसारखी दिसते म्हणून या दुसऱ्या प्रकारास ‘लेटरबॉक्स’ म्हणतात. काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणजे चित्र पुरें दिसत आहे असें समजावें, हें आम्हीं आजीस अनेकदां सांगितलें. तिला तें शेवटपर्यंत पटलें नाहीं.

नातू म्हणत होता तो प्रकार निराळाच. डेव्हनमध्यें डार्टमूर नांवाचा उंच माळ आहे. आपल्या बुलढाण्याच्या घाटमाथ्याची आठवण व्हावी असा, परंतु ओला, धुक्याचा आणि जवळजवळ वृक्षहीन. जागोजाग ग्रॅनाइटचे काळसर सुळके उभे असतात. त्यांस तेथें ‘टॉर’ म्हणतात. या माळाच्या उत्तर भागांत क्रॅनमियर पूल नांवाची दलदलीची जागा आहे. चॅगफर्ड गांवचा जेम्स पेरट हा वाटाड्या प्रवाशांना तेथवर नेत असे. त्यानें १८५४ सालीं त्या ठिकाणीं एक बाटली ठेविली, कीं येथवर पोंचणाऱ्यानें तींत आपल्या नांवाची चिठ्ठी टाकावी. पुढें अशी रीत पडली कीं, आलेल्यानें स्वतःचा पत्ता घातलेलें कार्ड तेथें ठेवावयाचें आणि नंतर येणाऱ्यानें तें आपल्या गांवीं नेऊन टपालांत टाकावयाचें. म्हणजे तुमचें कार्ड तुमच्या घरीं केव्हां आणि कोणत्या गांवचा शिक्का घेऊन येईल, हें सर्वस्वीं एका अनोळखी माणसावर अवलंबून! आम्हांस या रिवाजाचें फार कौतुक वाटलें. ‘लेटरबॉक्स’ हें नांव पडलें तें यावरून. कालांतरानें कार्डें गेलीं, आणि त्यांच्या जागीं वही व रबरी शिक्का आला. १९३८ सालीं, डार्टमूरची वाटनवाट लिहून ठेवणाऱ्या विल्यम क्रॉसिंग या ग्रंथकाराच्या स्मरणार्थ डक्स पूल येथें आणखी एक पेटी बसविली. आज त्या माळावर अशा हजारों पेट्या दडलेल्या आहेत.

खेळाची रीत थोडक्यांत अशी आहे. पाणी शिरणार नाहीं अशा डब्यांत एक शिक्का व एक वही घालून तो डबा दगडाआड ठेवितात. अमुक सुळक्यापासून अमुक अंशांवर, तमुक खडकापासून इतकीं पावलें, असा मागाचा कागद लोकांस देतात. शोधणारा स्वतःचा शिक्का, शाईची गादी आणि वही घेऊन निघतो. डबा सांपडला कीं त्यांतला शिक्का आपल्या वहींत व आपला शिक्का त्यांतल्या वहींत उमटवितो, आणि डबा होता तसा झांकून निघून येतो. न्यावयाचें कांहीं नाहीं, ठसा तेवढा न्यावयाचा. अमेरिकेंत हा छंद १९९८ सालीं ‘स्मिथसोनियन’ मासिकांत आलेल्या एका लेखानें पसरला. तिकडे शिक्के हातानें कोरण्याची हौस फार. आवडत्या चित्रपटांतील आणि दूरदर्शनमालिकांतील पात्रांच्या शिक्क्यांचे संचच्या संच लोक कोरतात, आणि मागाचे कागदही त्या त्या कथेच्या भाषेंत लिहितात. आमच्या नातवास लागलेलें वेड तें हेंच.

या खेळास मराठी नांव असावें म्हणून आम्हीं ‘पेटिकान्वेषण’ असा शब्द सिद्ध केला. नातवास तो तीन प्रयत्नांतही उच्चारतां आला नाहीं. शेवटीं ‘डबाशोध’ यावर उभयतांची तडजोड झाली.

आतां थोडें घरचें सांगणें भाग आहे. नातवाची आजी २०२१ च्या उन्हाळ्यांत गेली. तिला चित्रपटांचा विलक्षण नाद. लग्न होऊन आली तेव्हांपासून तिनें एक वही ठेविली होती. तींत पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाचें नांव, गांव, सोबत कोण, तिकिटाचा तुकडा चिकटविलेला, आणि शेवटीं एक प्रश्न: ‘हें कोठें आहे?’ कथा कशी होती, कामें कशीं होतीं, याविषयीं चकार शब्द नाहीं. पडद्यावर डोंगर दिसला कीं तो कोणता, घाट दिसला कीं कोणत्या नदीचा, वाडा दिसला कीं कोणाचा, हें तिला हवें असे. आम्ही आयुष्यभर भूगोल आणि संस्कृत शिकविलें, पण या प्रश्नाकडे आम्हीं बायकी चौकसपणा म्हणून पाहिलें, हें येथें कबूल करतों. ती वही आम्ही इंग्लंडास बरोबर नेली होती.

वहींतली पहिली नोंद लग्नापूर्वींची, आठवणीनें लिहिलेली आहे: ‘बीस साल बाद. देऊळगांव राजा, जत्रा. मावशीबरोबर. उलट्या बाजूनें पाहिला. हें कोठें आहे?’ बालाजीच्या जत्रेंत त्या काळीं फिरत्या सिनेमाचे तंबू येत. तंबूच्या मधोमध पडद्याचें कापड. एका बाजूस पुरुष, दुसऱ्या बाजूस बायका. यंत्र पुरुषांच्या बाजूस असल्यामुळें बायकांना सारें चित्र आरशांतल्यासारखें उलटें दिसे. अक्षरें उलटीं, आणि नायकाचें घड्याळ उजव्या हातांत! ‘बीस साल बाद’ १९६२ चा. परंतु जत्रेंत जुन्या प्रती वर्षानुवर्षें फिरत, आणि ही नऊ-दहा वर्षांची पोर त्या उलट्या भुतास भिऊन मावशीच्या पदरांत दडली होती.

दुसऱ्या दिवशीं नातवानें आम्हांस हाउंड टॉर नांवाच्या सुळक्यापाशीं नेलें. पायथ्यापासून चढ फारसा नाहीं, पण वारा असा कीं टोपी हातांत धरून चालावें लागलें. दोन तास आम्ही होकायंत्र घेऊन त्या शिळांमधून हिंडलों. एकदां अंश मोजण्यांत आमचीच चूक झाली आणि मेंढ्यांच्या कळपांत जाऊन पोंचलों. अखेर एका शिळेच्या पोटाखालीं डबा निघाला. शिक्क्यावर कुत्र्याचें तोंड होतें. नातू म्हणाला, “बास्करव्हिलचा कुत्रा.” आर्थर कॉनन डॉइल १९०१ सालीं या माळावर येऊन राहिला आणि त्याच सालीं त्याची ती कादंबरी ‘स्ट्रँड’ मासिकांत क्रमशः येऊं लागली, हें त्याला ठाऊक होतें, २०१२ सालच्या ‘शेरलॉक’ मालिकेंतील त्या कथेचें चित्रीकरण याच सुळक्यापाशीं झालें, आणि स्पीलबर्गचा ‘वॉर हॉर्स’ (२०११) याच माळावर घेतला, हेंही त्यानें आम्हांस ऐकविलें. त्याला ठाऊक नव्हतें तें आम्हीं सांगितलें: ‘बीस साल बाद’ हा हिंदी चित्रपट याच कादंबरीवरून सुचलेला. हिंदींत कुत्रा गेला आणि त्याच्या जागीं गाणारी भुताळी बाई आली, इतकेंच. माळ, दलदल आणि वाड्यावरचा शाप कायम.

नातू कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मग आजीच्या वहींत उत्तर लिहूं कां?”

वारा पानें उडवीत होता. आम्हीं दोन्ही हातांनीं वही धरली आणि त्यानें त्या पहिल्या नोंदीशेजारीं कुत्र्याचा शिक्का उमटविला. खालीं मोडक्या देवनागरींत लिहिलें, ‘येथें’.

त्याच वर्षीं नाताळच्या सुट्टींत नातू चिखलीस आला तो डबे करण्याचा बेत घेऊनच. आजीनें जेथें जेथें चित्रपट पाहिले तेथें तेथें एक डबा, असा संकल्प. शिक्के कोरण्यासाठीं शाळेचे मोठे खोडरबर आणले. कोरावयाचें उलटें, म्हणजे उमटेल तें सुलटें, ही साधी गोष्ट आम्हांस माहीत असूनही ‘पिंजरा’ हीं अक्षरें आम्हीं हौसेनें सुलटीं कोरलीं, आणि कागदावर पहिली वेलांटी चक्क दुसरीसारखी उमटली. ऱ्हस्व-दीर्घाबद्दल अर्धा-अर्धा गुण कापण्यांत आम्हीं उभी हयात घालविली. तो रबर आम्ही खिडकींतून फेंकून देणार होतों. नातवानें तो जपून ठेविला. म्हणाला, “आजीनें उलट्या बाजूनें पाहिलें असतें तर बरोबर दिसलें असतें.”

मागाचे कागद लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें. त्यांत मात्र आमची विद्या कामास आली. कूट घालणें ही आपल्याकडे चौसष्ट कलांपैकीं एक. दंडीनें ‘काव्यादर्शां’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. आमचे कागद इतके पंडिती नव्हते. उदाहरणार्थ, आमच्या गांवच्या एका जुन्या चित्रपटगृहाचें आतां मंगल कार्यालय झालें आहे. तेथें आम्हीं उभयतांनीं ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) दोनदां पाहिला होता. त्याचा माग असा: ‘जेथें पूर्वीं तिकिटांसाठीं रांग लागे तेथें आतां अक्षता पडतात; त्या दाराकडे पाठ करून मावळतीकडे चाळीस पावलें, आणि जो तुम्हांस चहा विचारील त्यालाच डबा विचारा.’

डबा माणसापाशीं कां ठेवावा लागला त्याची कथा अशी. पहिला डबा आम्हीं डार्टमूरच्या थाटांत गांवाबाहेर एका वडाच्या बुंध्याशीं, दगड लावून ठेविला होता. तो १९८७-८८ च्या रामायणमालिकेच्या नांवाचा, शिक्क्यावर धनुष्यबाण. रविवारीं सकाळीं शेजाऱ्यांच्या ओसरीवर सगळी आळी त्यासाठीं जमे आणि आजी घरून सतरंजी नेई. आठवड्यानें पाहूं गेलों तों डबा नाहीं. दोन दिवसांनीं रस्त्यावरून शेळ्यांचा कळप गेला. त्यांतील प्रत्येक पांढऱ्या शेळीच्या पाठीवर जांभळ्या शाईचा धनुष्यबाण होता. गुराखी पोरास आम्ही रागें भरणार, पण नातू रस्त्यांतच हंसत खालीं बसला. शिवाय आपल्याकडे बेवारस डबा दिसला कीं भल्या माणसाच्या मनांत प्रथम काय येतें, हें बसस्थानकावरची घोषणा ऐकणाऱ्या कोणासही सांगावयास नको. तेव्हां ठरलें कीं प्रत्येक डब्यास एक राखणदार असावा.

डार्टमूरवर मैलोगणती माणूस भेटत नाहीं. खेळाची मौज त्या निर्जनपणांत आहे. आमच्या खेळांत माणूस भेटल्याशिवाय डबा भेटत नाहीं. देऊळगांव राजास जत्रेच्या मैदानाजवळ एक वृद्ध भांडेवाले आहेत. त्यांनीं डबा ठेवून घेतलाच, पण आम्हांस तासभर बसवून तंबूची हकीकत सांगितली. मागच्या बाजूस चित्र स्पष्ट दिसावें म्हणून खेळापूर्वीं पडद्यावर पाणी मारीत; इंजिन मध्येंच बंद पडलें कीं अंधारांत पुरुषांची बाजू शिट्या घाली आणि बायकांची बाजू देवाचीं नांवें घेई. नातवानें त्यांना विचारलें, “तुम्ही कोणत्या बाजूला बसत होतां?” ते म्हणाले, “लहानपणीं आईबरोबर, म्हणून उलट्या.” मराठी अडखळत बोलणारा आमचा नातू त्या दिवशीं आमच्याकडे एकदांही वळून न पाहतां त्यांच्याशीं बोलत होता.

लोणारास डबा ठेवावा असें त्याच्या फार मनांत होतें. उल्केच्या आघातानें काळ्या कातळांत पडलेलें तें विवर आणि त्यांतलें खारें पाणी पाहून कोणाचेंही मन तसेंच होईल. २०२० सालीं तें पाणी गुलाबी झाल्याचीं चित्रें त्यानें डेव्हनमध्येंच पाहिलीं होतीं. आम्हीं साफ नकार दिला. तें अभयारण्य आहे, आणि २०२० पासून रामसर यादींतील पाणथळ जागाही आहे. तेथें आपण प्लास्टिकचा डबा नेऊन पुरावा हें शोभत नाहीं. डार्टमूरच्या लोकांचाही दंडक आहे कीं प्राचीन अवशेषांत पेटी ठेवूं नये आणि पेटीसाठीं दगड उकरूं नये. शिवाय त्या ठिकाणीं आजीनें कोणता चित्रपट पाहिला होता? नातू दिवसभर फुगून बसला, परंतु आमचें उत्तर बदललें नाहीं.

आतां वहींतील शेवटची नोंद. ती चित्रपटाची नसून मालिकेची आहे. ‘स्वराज्यजननी जिजामाता’ ही मालिका २०१९ सालीं सुरू झाली, आणि आजीनें ती नेमानें पाहिली. नोंद अशी: ‘सिंदखेडचा वाडा फार मोठा दाखविला आहे. हें कोठें आहे तें या वेळीं ठाऊक आहे. नेणार आहेत.’

‘नेणार आहेत’ हे आम्ही. चिखलीपासून सिंदखेड राजा ती काय वाट! सकाळीं निघून संध्याकाळीं परत येतां आलें असतें. आधीं आमचा गुडघा, मग पावसाळा, मग ‘१२ जानेवारीस फार गर्दी असते, त्यानंतर पाहूं’. आणि नंतर २०२० च्या मार्चांत सर्वच वाटा बंद झाल्या. त्या उघडल्या तेव्हां आजीला जिना उतरवत नव्हता. आमच्यावर कोणी ठपका ठेवला नाहीं. तिनेंही नाहीं.

नातवास घेऊन आम्ही सिंदखेडला गेलों तो दिवस कोणत्याही उत्सवाचा नव्हता. लखुजीराव जाधवांच्या वाड्याचें प्रवेशद्वार भक्कम आहे. आंत गेल्यावर मात्र, जी दालनें आणि झुंबरें मालिकेंत पाहिलीं त्यांचा मागमूस नाहीं. उन्हांत तापलेले चिरे, जोतीं, आणि जेथें १५९८ सालीं जिजाबाईंचा जन्म झाला ती जागा. नातू बराच वेळ इकडून तिकडे पावलें मोजीत राहिला. मग म्हणाला, “टीव्हीपेक्षां लहान आहे, पण भिंत खरी आहे.” हात लावून पाहिली होती त्यानें. आम्हीं त्याला लखुजीरावांची भव्य समाधि दाखविली आणि १६२९ सालीं देवगिरीच्या किल्ल्यांत, निजामशहाच्या दरबारीं, मुलांसह त्यांचा घात कसा झाला तें सांगितलें. पुढें रंगमहालापाशीं शहाजी-जिजाऊंच्या रंगपंचमीची आख्यायिका सांगितली. मोतीतलावाच्या बांधावर बसून शिदोरी सोडली. एरव्हीं आमचें व्याख्यान सुरू झालें कीं आजी म्हणे, “मास्तर, घंटा झाली.” त्या दिवशीं कोणी थांबविणारें नव्हतें म्हणून कीं काय, आमच्यानें फार बोलवलें नाहीं.

हीं स्थळें संरक्षित आहेत, तेव्हां तेथें डबा ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. वाड्यापासून थोड्या अंतरावर वह्या-पेन्सिली विकणारें एक लहान दुकान आहे. दुकानदारीणबाईंना आम्हीं खेळ समजावून सांगितला. त्यांनीं डबा उघडून पाहिला, वहीचें पहिलें पान कोरें का म्हणून विचारलें, आणि काउंटरखालीं जागा करून दिली. या डब्याचा शिक्का नातवानें आम्हांस न दाखवितां कोरला होता. आम्हांस वाटलें, जिजाऊ असतील, नाहीं तर वाड्याचें दार. उमटवून पाहतों तों आजीचा चष्मा. एका काडीस दोरा बांधलेला, अगदीं होता तसा. तो ठसा आम्हीं तिच्या वहींतल्या शेवटच्या नोंदीशेजारीं घेतला. ‘येथें’ हा शब्द नातवानें या वेळीं आम्हांस लिहावयास लाविला.

मागांचे कागद आमच्या गांवच्या वाचनालयांत टांगले आहेत. फार कोणी शोधीत नाहीं. वनबाबनवीच्या डब्यावर मंगल कार्यालयाच्या पहारेकऱ्याच्या मुलानेंच सात वेळां शिक्का मारून ठेविला आहे. सिंदखेडच्या डब्याची वही गेल्या वैशाखांत आम्हीं जाऊन पाहिली. तींत अकरा नोंदी होत्या. शेवटची एका मुलीची. तिच्यापाशीं स्वतःचा शिक्का नसावा, म्हणून तिनें अंगठा शाईंत बुडवून उमटविला होता, आणि त्याखालीं लिहिलें होतें: ‘आजीला घेऊन आलें होतें.’